वाळूच्या पट्टीवरचा हिवाळा

दत्तजयंतीचा दिवस. पौर्णिमा असल्यामुळे उधाणाची भरती होती, आणि अकराच्या सुमाराला मालवणजवळच्या देवबागच्या टोकाची, कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथली वाळूची पट्टी दोन्ही अंगांनी पाणी चढून चिंचोळी होत चालली होती. सकाळचा मतलई वारा पडून खारा वारा नुकता सुटला होता. पट्टीच्या उंचवट्यावर कुरव, म्हणजे सीगल, दाटीवाटीने बसलेले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. मी सुरूच्या सावलीत बसून दुर्बिणीतून एकेक डोकं बघत होते. थव्याच्या अलीकडे, सुक्या वाळूत, सकाळी फिरायला आलेल्या कुणाच्या तरी अनवाणी पावलांची रांग उमटली होती, टाचा खोल रुतलेल्या. त्यातल्या एका खड्ड्यात काहीतरी हललं म्हणून दुर्बीण तिथेच धरली, तर आत चिखल्या बसला होता. इंग्रजीत तिबेटन सँड प्लोव्हर म्हणतात तो. पोट वाळूला टेकलेलं, मान आत ओढून घेतलेली, पाठ जेमतेम खड्ड्याच्या काठाला लागलेली. वाऱ्याबरोबर सरपटत येणारे वाळूचे कण काठावर अडत होते, काही त्याच्या पाठीवरून पलीकडे जात होते. पाठीचा रंग ओल्या वाळूचा, प्रत्येक पिसाला फिकट कड, आणि त्या सगळ्या मातकटपणात तो मोठा काळाभोर डोळा. मग दुर्बीण हळूहळू पुढे सरकवली. पुढच्या ठशातही एक. त्याच्या पुढच्यातही. माणूस चालत गेला होता त्या वाटेने पक्षी ओळीने बसले होते.

तेवढ्यात पर्यटकांची एक होडी वळून पट्टीच्या अगदी जवळ आली. कुरव एकदम उठले, आकाश पांढरं झालं, होडीतून आरडाओरडा आणि मोबाइल वर. ठशांमधले चिखल्ये कधी उडाले ते मला दिसलंसुद्धा नाही. होडी गेल्यावर कुरव परतले, पुन्हा बसले. दहा मिनिटांत दुसरी होडी. तोवर पाणी त्या पावलांपर्यंत पोचलं होतं.

माझ्या मनात राहिला तो होड्यांचा गोंधळ नव्हे, तो सीझनमध्ये रोजचाच आहे. मनात राहिला तो खड्ड्यात बसलेला पक्षी. तिबेट-लडाखच्या उघड्या माळावर जन्मलेला जीव तो. भर दुपारच्या मालवणी उन्हात, जिथे मी पदराने घाम पुसत होते, तिथे त्याला आडोसा का शोधावासा वाटावा?

त्याच आठवड्यात भाच्याचा व्हिडिओ आला. भाचा फौजेत आहे, सध्या लडाखात. लहानपणी सुट्टीत आला की माझ्याबरोबर खाडीवर यायचा, म्हणून तिकडे कुठलंही पाखरू दिसलं की मला पाठवतो. हा व्हिडिओ झांस्कर नदीचा होता. निम्मूला सिंधूला मिळते ती. हिवाळ्यात ती गोठते आणि लोक तिच्या पाठीवरून चालत जातात, तीच ती चादर. पण सगळी नदी गोठत नाही. कडेकडेने बर्फाचा जाड थर, आणि मध्ये जिथे ओढ आहे तिथे काळपट हिरवं पाणी उघडं, धावतं. बर्फाच्या काठावर एक गुबगुबीत तपकिरी पक्षी उभा होता, आखूड शेपटीचा. गुडघ्यातून सारखा खाली-वर होत होता. डोळा मिटला की पापणीचा पांढरा ठिपका लुकलुकायचा. मग तो सरळ पाण्यात चालत गेला. उडी नाही, सूर नाही, चालत. डोकं बुडालं, पाठ बुडाली, आणि वरून पाणी वाहत राहिलं. भाच्याचा आवाज ऐकू येतो: "गेला... मावशी, गेला हा." थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. आणि मग, "आला! आला बघ!" चोचीत काहीतरी वळवळणारं घेऊन तो बर्फावर चढला, अंग झटकलं, ते गिळलं आणि परत पाण्यात.

हा डिपर. हिमालयातल्या ओढ्यानाल्यांवर राहणारा. त्याची पिसं इतकी दाट आणि तेलकट असतात की आतल्या कातडीला पाणी लागत नाही. नाकपुड्यांवर झाकण असतं. पाण्याखाली तो पंख मारत तळाशी जातो, दगडांना नखांनी धरतो आणि त्यांच्या फटीतल्या अळ्या उपसून काढतो. मला सगळ्यात नवल वाटलं ते पाण्याचं. बाहेर हवा उणे वीसच्या खाली गेलेली असते, पण वाहतं पाणी शून्याच्या आसपासच राहतं. म्हणजे त्या पक्ष्याला नदीत शिरणं हे थंडीत शिरणं नव्हेच, उलट त्या दरीतली त्यातल्या त्यात ऊबदार जागा तीच. वर जमिनीवर सगळं बर्फाखाली, आणि नदीच्या पोटात दगडोदगडी जेवण. म्हणून तो नदी सोडून जात नाही. पाणी उघडं आहे तोवर त्याचं चालतं. भर थंडीत तो गातोसुद्धा, ते मात्र भाच्याला ऐकायला मिळालं नाही. पुढच्या वेळी कान देऊन ऐक म्हणून मी त्याला सांगून ठेवलं आहे.

बाकीचे पक्षी तिथे हिवाळा कसा काढतात ते मी मग वाचत गेले, भाच्याला विचारत गेले. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, चाळीस अंशांच्या आसपास. ते तसंच राखायचं तर आत सतत काहीतरी जळत राहावं लागतं. पिसं फुलवून ते हवेचा थर अंगाशी कोंडून धरतात. चोच पाठीच्या पिसांत खुपसतात, एक पाय पोटात ओढून घेतात. पाय तर उघडेच. पण पायात उतरणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या इतक्या खेटून असतात की खाली जाणारी ऊब वर येणारं रक्त वाटेतच उचलून घेतं, आणि पाय बर्फावर असूनही अंगातली उष्णता निसटत नाही. रामगंगऱ्याच्या जातीची इवलीशी पाखरं रात्रभर थरथरून ऊब तयार करतात, आणि सकाळपर्यंत त्यांच्या वजनाचा दहावा हिस्सा त्यात खर्ची पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी तेवढं पोटात गेलं नाही तर त्यापुढची रात्र निघत नाही. थंडीने पक्षी मरतो म्हणतात, पण पोट भरलेला पक्षी सहसा थंडीने मरत नाही. तो मरतो दिवस अपुरा पडल्यामुळे.

हे वाचताना मला आई आठवली. बाबा मुंबईला गिरणीत होते आणि घर मनीऑर्डरीवर चालायचं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आई तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायची आणि त्या दिवशी पेज किती पातळ करायची ते ठरवायची. पोस्टमन दोन दिवस उशिरा आला तर ते दोन दिवस कुठून तरी काढावे लागायचे. हिवाळ्यातल्या पक्ष्याचा जमाखर्च हा असाच, फक्त तो महिन्याचा नसून रोजचा असतो आणि त्याला शेजारणीकडून उसनं मिळत नाही.

आणि मग तो टाचेच्या खड्ड्यातला चिखल्या मला नव्याने दिसायला लागला.

तो इथे ऊन खायला आलेला नाही. त्याचा माळ सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आखडायला लागतो, किडे संपतात, जमीन गोठते, आणि त्याच्या आधीच जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमचा हा जीव हिमालय ओलांडून खाली उतरतो. आमच्याकडचे कुरवही तिथलेच. तपकिरी डोक्याचे कुरव त्सो मोरिरी, त्सो कार अशा साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. हिवाळ्यात ती तळी गोठतात आणि कुरव किनाऱ्याला येतात. म्हणजे भाचा ज्या गारठ्यात उभा आहे तिथूनच हे सगळे आलेत. डिपर नदीत उतरून हिवाळा काढतो, हे खाली समुद्रावर उतरून काढतात. पण हिवाळा काढायचाच असतो, तो इथे आल्याने टळत नाही. गोठलेल्या नदीवर खर्च थंडीचा. इथे खर्च वाऱ्याचा, उडण्याचा, घाबरण्याचा. उघड्या वाळवंटावर वारा सतत अंगावरून गेला की पिसांत कोंडलेली हवा टिकत नाही. खड्ड्यात बसलं की तेवढं वाचतं. उडायला तर बसून राहण्याच्या कितीतरी पट ताकद लागते. जो पक्षी वाऱ्यापासून एवढंसं वाचवण्यासाठी माणसाच्या टाचेचा ठसा शोधतो, त्याला विनाकारण एकदा उडवणं किती महाग पडत असेल.

आणि जमेची बाजू सगळी भरती-ओहोटीच्या हातात. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. चार पावलं धावतो, थबकतो, मान किंचित कलती करतो, आणि वाळूच्या कातडीखाली काही हललं की टोचतो. कुठे अळी, कुठे शिंपल्याचं पिल्लू, कुठे नखाएवढा कुरला. पण ही ताटं मांडली जातात ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला. भरती आली की सगळं पाण्याखाली, आणि मग पुढची सुकती लागेपर्यंत कुठेतरी कोरड्यात, शत्रू दिसेल अशा उघड्यावर, निमूट बसून राहायचं आणि कमावलेलं टिकवायचं. दिवस असो की रात्र. तो मोठा काळा डोळा त्यासाठीच आहे; चांदण्यात, आणि चांदणं नसलं तरी, हे पक्षी चरत असतात.

रात्रीचे हे पक्षी मी लहानपणीच ऐकले होते, नाव कळायच्या कितीतरी आधी. थंडीतल्या जत्रांचे ते दिवस. पालखी झाली की दशावतार उभा राहायचा, आणि शेवटी राजा-राक्षसाचं युद्ध होईपर्यंत पहाट व्हायची. घोंगडीत गुंडाळून आणलेली आम्ही पोरं अर्धी झोपेत. परतताना वाट खाडीच्या बांधावरून. दव एवढं की पायाखालचं गवत भिजून गार, पुढे कुणाच्या तरी हातात बत्ती, आणि उजव्या हाताला, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथून एकदम लांबलचक आवाज यायचा. कूऽर-ली, कूऽर-ली. आणि मग बारीक चिवचिवाट, खूपशा पायांची चुळबुळ. मी आजीच्या लुगड्याला घट्ट धरायची. भुताखेताच्या, देवचाराच्या म्हणून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्याच वेळी आठवायच्या. आजी थांबायची नाही. चालता चालताच म्हणायची, "भियाव नको गो. सुकती लागली आसा, पाखरां जेवक बसली आसत." पुढे कितीतरी वर्षांनी दुर्बीण हातात आल्यावर मला कळलं की तो लांब आवाज कोरलाचा, वाकड्या चोचीच्या त्या मोठ्या पक्ष्याचा. आजीला कोरल माहीत नव्हता. तिने खाडीत तिसरे-कालवं काढली होती, रात्री-अपरात्री, कमरेएवढ्या पाण्यात. सुकती कधी लागते आणि तेव्हा कोणाला पोटाची सोय करावी लागते, ते तिला माहीत होतं.

आता बत्ती नाही, वाटेवर दिवे आहेत. कोरल अजून ओरडतात.

कोकणातल्या माणसाला थंडीचं कौतुक असतं ते कलमांसाठी. आमच्याकडे कुणीही कुणाला भेटलं की पहिलं वाक्य, "औंदा थंडी आसा काय?" कारण थंडी पडली तर मोहर येणार. हापूसच्या मोहराचा वास आणि कुरवांचा पहिला मोठा थवा माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात आहेत. पण पहिले चिखल्ये त्याच्या खूप आधी येतात, श्रावणातच. गौरी-गणपतीला चाकरमानी येतात आणि विसर्जन करून मुंबईला परततात, त्या सुमाराला वाळूवर चिखल्यांची पळापळ सुरू झालेली असते. तेव्हा समुद्र अजून गढूळ असतो, होड्या वर ओढलेल्या असतात, किनारा रिकामा. मोठे पक्षी आधी येतात. त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मागून येतात, आईबाप पुढे निघून गेल्यावर, कुणी वाट न दाखवता. आणि यातली पुष्कळशी पहिल्या वर्षी परत जातच नाहीत. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा इथेच कुठेतरी काढतात. मोठे जातात ते एप्रिल-मेमध्ये. तिकडे माळावर घरटं, अंडी, पिल्लं, सगळं दोन-तीन महिन्यांत उरकायचं असतं. हिशोब केला तर ह्या पक्ष्याच्या आयुष्याचा जास्तीत जास्त भाग आमच्या वाळूवर जातो. आपण त्याला तिकडचा समजतो कारण तो तिकडे जन्मतो. पण त्याला जगवते ती ही वाळू आणि हा चिखल.

कुरवांचं जरा वेगळं. ते रापणीच्या मागे असतात. रापण ओढायला लागली, दोरावर दोन्ही बाजूंना माणसं लागली, की ते कुठून कुठून येऊन डोक्यावर घिरट्या घालायला लागतात. जाळं काठाला आलं, तारली-पेडवे तडफडायला लागले, की गडबड काय सांगावी. वाटे पडेपर्यंत ते पाण्यावर बसून राहतात आणि फेकून दिलेलं बारीकसारीक उचलतात. रापणकरांना त्यांचा राग नाही. उलट समुद्रात कुरव एका जागी उतरताना दिसले तर तिथे मासळी आहे हे ते ओळखतात. रापणीचे दिवस आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. कितीतरी जणांनी दोर सोडून पर्यटनाची होडी धरली, आणि त्यात त्यांची घरं उभी राहिली. मी शिकवलेली मुलं आहेत ती. त्यांच्या पोटावर पाय येईल असं काही मी मागणार नाही, आणि मागूही नये.

पक्षी कुठून येतात याचा शोध आपल्याकडे कसा सुरू झाला ते वाचताना मात्र मी चमकले होते. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसंही तापाने आजारी पडली. तो विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला, तेव्हा शंका आली की उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर तो घेऊन येत असतील. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. सालिम अली त्यात पुढे होते. तोच माकडताप २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्यात, दोडामार्गात आला. काजूच्या बागांत जायला माणसं घाबरायची, माझ्या ओळखीच्या घरात दोघं आजारी होती. त्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी आरोग्य खात्याची मंडळी गोचिडींबद्दल सांगत होती, आणि माझ्या मनात ती जुनी कडी घातलेली पाखरं होती. आपल्याला त्यांची वाट कळली ती त्यांच्यावर घेतलेल्या संशयातून. पण कळली हे खरं, आणि त्या कड्यांनीच दाखवून दिलं की पुष्कळसे पक्षी हजारो किलोमीटर उडून वर्षानुवर्षं त्याच त्या जागी उतरतात. किनारा मोठा आहे, उडवले तर दुसरीकडे बसतील, असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. त्यांना किनारा माहीत नसतो. त्यांना ही पट्टी माहीत असते.

शिमग्याच्या आसपास थवा बदलायला लागतो. हिवाळाभर तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरंच असतं, कानामागे नुसता एक काळपट डाग. फाल्गुनात तो डाग पसरायला लागतो. आधी गालावर शिंतोडे, मग कपाळ, आणि एके दिवशी पूर्ण चॉकलेटी टोपी, त्यात फिकट डोळा आणि लाल चोच. थव्यात तेव्हा सगळ्या पायऱ्या एकदम दिसतात. चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, डोळ्यावरून काळी पट्टी येते. हिवाळाभर वाळूत विरून गेलेला पक्षी एकदम उठून दिसायला लागतो. आणि ते खातात. सुकतीची दर घटका खातात, अंग गोल दिसेपर्यंत, कारण वर जायचं आहे आणि वाटेत डोंगर आहे. तोवर ज्याची शिल्लक जमली नाही तो चैत्रात निघू शकत नाही, किंवा निघाला तर पोचत नाही. त्याचं काय झालं हे आपल्याला कधीच कळणार नाही. तो इथे मेलेला दिसत नाही. म्हणूनच त्याचा हिशोब कुणाच्या नावावर लागत नाही.

मला हे त्या होडीवाल्या मुलाला सांगायचं होतं. दत्तजयंतीला पहिली होडी त्याचीच होती. सातवीत माझ्या वर्गात होता, पाठांतरात पक्का. संध्याकाळी तो होडी वर घेत असताना मी गेले.

"बाई, तुमी दुर्बीण घेवन बसतास तां बघलंय मी," तो म्हणाला. "पर्यटक सांगतत, जवळ घे, थवो उडव, रील करूचो आसा. नाय म्हटला तर पुढच्या येळाक दुसऱ्याची होडी धरतत. आणि उडले तर काय झाला? परत येवन बसतत मां."

"परत बसतात कारण दुसरीकडे कोरडी जागा नाही."

तो पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थंडीक कंटाळान हय इले ते. हय तेंका कसली थंडी?"

मी भाच्याचा व्हिडिओ दाखवला. बर्फ बघून त्याने मोबाइल हातात घेतला, मोठा करून बघितला, पक्षी पाण्यात गेला तेव्हा "अरे बापरे" म्हणाला, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावला. मग मी त्याला ठशातल्या पक्ष्यांचं सांगितलं. ते त्याने बघितलेलं होतं. रोज बघतो म्हणाला. सकाळी होडी काढताना वाळूतल्या पावलांत बसलेले असतात, पण ते आजारी असतील असं त्याला वाटायचं.

आम्ही मग तिथेच वाळूवर बसून हिशोब मांडला. भरतीचं गणित त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते त्याच्या आजोबांचं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती. तेव्हा होड्या नसतात, आणि भांगाच्या दिवसांत पाणी चढतंही कमी, पट्टीवर जागा भरपूर राहते. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाची भरती, पट्टी सगळ्यात लहान, आणि नेमकी पर्यटकांची सगळ्यात मोठी गर्दी. म्हणजे अडचण रोजची नाहीच. पंधरवड्यातले चार-पाच दिवस, त्यातही दुपारच्या आधी-मागे मिळून तीन तास, आणि तेही सगळी पट्टी नको, खाडीकडचं टोक तेवढं. पर्यटक बघायला जातात त्या त्सुनामी आयलंडकडे जाणारी वाट तिथून जातही नाही. मी इतकी वर्षं बघते आहे, पण अडचण एवढी लहान आहे हे मलाही त्याच्याशी बोलतानाच कळलं.

"तेवढा जमात," तो म्हणाला. "मी टोकाक नेणार नाय. पण माझ्या एकट्यान काय होतला? आमी वीस-पंचवीस होडये आसव. येक जरी गेलो तरी झाला."

"मग बाकीच्यांना कोण सांगणार?"

"तुमीच सांगा. आर्धे तुमच्याकडेच शिकलेत. तुमका कोण उलट बोलाचो नाय." आणि मग जरा थांबून, "पण सकाळच्या येळाक सांगा. दुपारी गिऱ्हाईक आसला काय कोण आयकाचो नाय."

येत्या सोमवारी होडीवाल्यांची देवळात बैठक आहे, होड्यांच्या नंबरावरून. त्याने मला आधी पाच मिनिटं मागून घेतली आहेत. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या सगळ्या पौर्णिमा-अमावास्या आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या दोन-दोन दिवसांच्या भरतीच्या वेळा मी पंचांग समोर ठेवून एका मोठ्या कागदावर लिहून काढल्या आहेत. भाच्याचा व्हिडिओ तो त्यांच्या ग्रुपवर आधीच टाकून बसला आहे. कुणीतरी विचारलंय, हा पक्षी आपल्याकडे येतो का. नाही येत, म्हणून मी कळवलं आहे, तो तिथेच राहतो. आपल्याकडे येतात त्यांच्याबद्दल सोमवारी बोलू.